वस्तरा आबाजीचा, जंग माझा!

तुमच्या घरात कुठंतरी एक पत्र्याची पेटी असेलच. आजोबांची. माळ्यावर, नाहीतर पलंगाखाली. तिच्यात काय असतं तेही तुम्हाला माहीत आहे. सातबाऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या नकला, बंद पडलेलं घड्याळ, एका काडीचा चष्मा, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आणि नशीब चांगलं असेल तर जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा. खरा वस्तरा. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात तो नाही. ज्याचं पातं हेच ब्लेड, तो.

तो सापडला की पहिला मोह होतो दाढी करून बघायचा. करा. पण दाढी झाल्यावर पुढच्या दाढीपर्यंत त्याला ठेवायचं कसं, हे आधी शिकून घ्या. मी ते शिकलो नव्हतो.

माझे आबाजी न्हावी. तिवसा आणि आजूबाजूची चार-पाच खेडी एवढा त्यांचा मुलूख. खांद्याला धोकटी, पायी फिरणं, आणि सुगी आली की घरोघरची ज्वारी. म्हणजे बलुतं. मी लहान होतो तोवर बलुतं संपलं होतं, पण धोकटी होती. वस्तरा, कातर, नराणी, तुरटीचा खडा, पाण्याची वाटी, चामड्याचा पट्टा, छोटा आरसा. आणि एक चपटी डबी. त्या डबीत कापसाचा तेलकट बोळा असायचा. दाढी झाली की आबाजी वस्तरा पुसायचे, तळहातावर दोन-चार वेळा उलटसुलट फिरवायचे, उन्हात धरून बघायचे आणि शेवटी तो बोळा पात्यावरून एकदा ओढायचे. मला वाटायचं, हे चकाकी आणायला असेल. विचारलं कधीच नाही. आजोबांना आपण काय विचारतो? पैसे विचारतो.

आबाजी गेले. धोकटी कुणालाच नको होती, ती माझ्याकडं आली. तेव्हा मोबाइलवर रील्स बघून बघून मला 'क्लासिक शेव्ह'चं वेड लागलं होतं. परदेशातले दाढीवाले लोक साबणाचा फेस काढतात, वस्तरा पट्ट्यावर सपासप मारतात, मागं संथ संगीत. म्हटलं, आपल्याकडं तर घरचाच माल आहे! एसटी स्टँडजवळच्या सलूनमधल्या काकांकडून धार लावून घेतली. हे काका आबाजींच्या हाताखाली शिकलेले. जूनमध्ये तीन-चार दाढ्या केल्या, दोनदा कापून घेतलं. वस्तऱ्यासाठी ऑनलाइन एक देखणं चामड्याचं कव्हरही मागवलं. मग वस्तरा नळाखाली धुतला, टॉवेलला पुसला, कव्हरमध्ये घातला, कव्हर बाथरूमच्या फळीवर ठेवलं आणि परीक्षेसाठी तीन आठवडे अमरावतीला गेलो.

परत आलो तेव्हा जुलै अर्धा उलटला होता. वस्तरा कव्हरमधून काढला, तर पात्यावर कुंकू शिंपडल्यासारखे लाल ठिपके. धारेजवळ एक मोठा डाग. मुठीच्या खिळ्याभोवती तर लाल भुकटीच.

पन्नास वर्षं आबाजींनी तो वस्तरा वापरला. पावसात, उन्हात, लोकांच्या ओसरीवर, आठवडी बाजारात झाडाखाली. माझ्याकडं तो एक पावसाळासुद्धा टिकला नाही.

काकांकडं घेऊन गेलो. त्यांनी हातात घेतला, खिडकीच्या उजेडात वाकडा करून पाहिला आणि मान वर न करताच विचारलं, "चामड्यात ठेवला होता न?"

"हो. पण काका, मी पुसला होता."

"पानी पुसलं म्हंजे वाळलं, असं नसते बापा. तुले दिसते तेवढं पानी पुसलं तू. नाई दिसत ते रायलंच न!"

या एका वाक्यात अख्खा धडा आहे. पण मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, म्हणून जरा खोलात गेलो. तुम्हीही चला.

जुन्या वस्तऱ्याचं पातं 'कार्बन स्टील'चं असतं. म्हणजे लोखंडात साधारण एक टक्क्याच्या आसपास कार्बन, आणि भट्टीत लाल करून पाणी पाजलेलं. त्यामुळं ते कडक होतं, आणि कडक असल्यामुळंच इतकी बारीक धार धरतं. तुमच्या घरातल्या चकचकीत सुरीचं स्टील वेगळं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. ते क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार करतं आणि खालचं लोखंड झाकून ठेवतं. आबाजीच्या वस्तऱ्याला असं पांघरूण नाही. तो हवेत उघडाच. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी हे तिघं एकत्र आले की गंज. त्यातला एक जरी काढून घेतला तरी काम थांबतं. लोखंड काढता येत नाही, हवा काढता येत नाही. उरलं पाणी. सगळी लढाई त्याच्याशी आहे.

आणि हे पाणी थेंबाच्याच रूपात यायला पाहिजे असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर पाण्याचा इतका पातळ थर बसतो, की डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला लागत नाही. पण गंजाला तेवढा पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं आर्द्रता 60 च्या खाली येते कधी? त्यात साबणाचा अंश, घामातलं मीठ आणि तुरटी मिळाली की मग विचारूच नका. तुरटी आम्लधर्मी असते. दाढीनंतर गालावर तुरटी फिरवायची आणि त्याच ओल्या हातानं वस्तरा मिटवून ठेवायचा, ही माझी रोजची सवय होती. पात्यावर माझ्या अंगठ्याच्या मापाचा एक डाग आहे. तो आजही गेलेला नाही. पोलिसांना ठसा हवा असेल तर तिथून घ्यावा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डागानं काय होतं? पाठीवर असला तर काही होत नाही. दिसायला वाईट, बाकी काही नाही. पण धारेवर असला तर खेळ संपला. चांगल्या वस्तऱ्याची धार एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. आपला केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाडीचा. गंज लोखंडाला नुसता रंग देत नाही, तो लोखंड खातो, खड्डे पाडतो. धारेशी असा एक सूक्ष्म खड्डा पडला की तिथून तुकडा उडतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की कडक पोलादाची धार तिच्याहून कितीतरी मऊ असलेल्या केसामुळंही तुटते. सगळीकडं सारखी झिजत नाही, जिथं पोलादात काही कमीजास्त असेल त्या ठिकाणी तिचा टवका उडतो. त्यांचा अभ्यास गंजावर नव्हता, पण गोष्ट समजण्यासारखी आहे. नव्या धारेची ही गत, तर खाल्लेल्या धारेचं काय?

आणि तो टवका तुमच्या गळ्यावरून जाणार आहे, हेही लक्षात असू द्या.

लोखंडाला वाचवता येतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण दिल्लीत उभं आहे. मेहरौलीचा लोहस्तंभ. सुमारे सात मीटर उंच, सहा टनांच्या आसपास वजन, सोळाशे वर्षं उन्हापावसात. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळं पृष्ठभागावर जो पातळ थर बनतो तोच आतल्या लोखंडाचा रखवालदार होतो, असं त्यांनी मांडलं. आपल्या विदर्भालाही लोखंडाची ओळख नवी नाही. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे. तेव्हा लोखंड आपल्या रक्तात आहे म्हणायला हरकत नाही. (तसं ते सगळ्यांच्याच रक्तात असतं, हा भाग वेगळा.)

पण स्तंभाचं फॉस्फरस आपल्या वस्तऱ्यात नाही. त्याला पांघरूण आपणच घालायचं. कसं, ते सांगतो. काकांनी मला जसं शिकवलं तसंच.

दाढी संपली की पातं आधी नीट धुवा. मूठ भिजवू नका. मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पाणी गेलं, की ते खिळ्यापाशी जाऊन बसतं आणि वस्तरा तिथूनच सडायला लागतो. शेवटी पात्यावरून गरम पाणी सोडा. पोलाद गरम झालं की वरचं पाणी आपोआप उडतं. मग मऊ, कोरडं फडकं. पाठीकडून धारेकडं पुसायचं, धारेकडून पाठीकडं कधीच नाही. नाहीतर फडकं कापेल, धार बिघडेल, आणि बोटाचं काय होईल ते होईल. टॉवेल वापरू नका, त्याचे धागे धारेत अडकतात. टिश्यू पेपरची घडी करून मुठीच्या फटीतून ओढून घ्या. बघा किती ओली निघते. मी पहिल्यांदा ओढली तेव्हा लाजच वाटली.

यानंतर आबाजींचं ते तळहातावर फिरवणं. त्याचा अर्थ मला काकांकडं कळला. "तुले वाटलं आबाजी धार लावून रायला? धार तर दाढीच्या आधी लावतेत. मागून करतेत ते पानी काढाले." धारेच्या अगदी टोकावर जे पाणी चिकटून असतं ते फडक्याला लागत नाही. तळहातावर किंवा कोरड्या चामड्यावर हलक्या हातानं आठ-दहा फेऱ्या मारल्या की ते निघून जातं. पाठ आधी वळवायची, मग धार. तुम्ही नवशिके असाल तर तळहाताच्या भानगडीत पडू नका. आबाजींच्या तळहाताची कातडी आणि तुमची-माझी कातडी यात फरक आहे. पट्टा वापरा. तो नसेल तर सुती कापड ताणून धरा.

आता घाई करायची नाही. वस्तरा अर्धा उघडा ठेवून तासभर कोरड्या जागी राहू द्या. बाथरूममध्ये नाही! आंघोळीची वाफ बाथरूममध्ये सगळ्यात जास्त. खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, लहान पोरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. आणि कूलरसमोर तर मुळीच नाही. हे आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतोय. पुस्तकात लिहिलेलं असतं, की उन्हाळा कोरडा, लोखंडाला भीती नाही. ज्यानं लिहिलं त्यानं वऱ्हाडातला मे महिना पाहिलेला नाही. बाहेर 45 अंश आणि हवा खडखडीत, पण घरात चोवीस तास कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून ओला वारा येतोय, कॅलेंडरची पानं दमट होतायत. म्हणजे बाहेर उन्हाळा आणि तुमच्या खोलीत श्रावण. माझ्या मित्राचा वस्तरा भर मे महिन्यात गंजला, तो असाच.

पाण्याचंही तसंच आहे. तुम्ही दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हाऱ्याकडचे असाल तर खारपाणपट्टा काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारट आहे. मीठ असलेलं पाणी विजेला चांगलं वाहून नेतं, आणि गंज ही शेवटी एक छोटीशी बॅटरीच असते. वीज सहज वाहिली की गंज जोरात. तिकडच्या पोरांनी वस्तरा बोअरच्या पाण्यात धुतला तरी शेवटचं पाणी पिण्याचं, गोडं घ्यावं. कपभर पुरतं.

आता डबीतला बोळा. म्हणजे तेल. इथं मात्र सगळ्यात जास्त घोळ होतो.

आपल्या घरात तेल म्हटलं की पहिला हात जातो स्वयंपाकघरात. मीही तेच केलं. दुरुस्त केलेल्या वस्तऱ्याला पहिलं तेल लावलं ते जवसाचं. आईनं गावाकडून आणलेलं, घाण्याचं, एकदम शुद्ध. पंधरा दिवसांनी पात्यावर डिंकासारखा चिकट, पिवळट थर. नखानं खरवडला तरी निघेना. नंतर कळलं, जवसाचं तेल हवेत सुकतं, घट्ट होतं. म्हणून तर रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये ते घालतात. करडई आणि सूर्यफूलसुद्धा थोडीफार तशीच. खोबरेल थंडीत गोठतं आणि जुनं झालं की खवट होतं. एकूण काय, खायची तेलं खायलाच ठेवा. शिलाई मशीनचं तेल आणा. पातळ असतं, सुकत नाही, दहा-वीस रुपयांची बाटली चार वर्षं जाईल. आबाजींच्या बोळ्याला जो वास यायचा तो याच तेलाचा होता, हे मला किराणा दुकानात त्या बाटलीचं झाकण उघडल्यावर आठवलं. दुकानातच थोडा वेळ उभा राहिलो.

बेबी ऑइल चालतं. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर व्हॅसलीनचा हात. जपानमध्ये तलवारींना आणि हत्यारांना कॅमेलियाच्या बियांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, पण तिवस्यात तुम्ही ते कुठं शोधता! तेल किती लावायचं? बोळ्यावर दोन थेंब, आणि पात्यावर एवढं की दिसू नये, फक्त बोटाला निसरडं लागावं. खिळ्यावर एक थेंब. पुढच्या दाढीच्या आधी कोमट साबणाच्या पाण्यानं धुऊन टाका. तेल लावलेलं पातं चामड्याच्या पट्ट्यावर घासू नका, पट्टा खराब होईल.

आणि चामड्याचं कव्हर. माझा सगळ्यात महाग गुन्हा. चामडं ओलावा धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार व आम्लं त्यात उरलेली असतात. प्रवासात एखादा दिवस चालेल. घरात ठेवायला चामडं नको, फोम नको, हवाबंद प्लास्टिकची पिशवी तर नकोच नको. साधा पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा डबा घ्या. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या निघतात ना, त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या त्यात टाका. त्या हवेतली ओल पितात. पावसाळ्यात महिन्याला बदला.

एक विचित्र गोष्ट सांगतो. कधीकधी सगळं नीट करूनही पातं गंजतं, आणि तेही बरोबर मधोमध, जिथं वस्तरा मिटल्यावर मुठीत जातो तिथंच. अशा वेळी मूठ बघा. कासवाच्या पाठीसारखी किंवा हस्तिदंतासारखी दिसणारी जुनी मूठ बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते. ते जुनं झालं की आपोआप कुजायला लागतं आणि त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो. म्हणजे घरातलाच माणूस चोर. त्याला तेलाचा उपाय नाही. मूठ बदलायची, आणि बाकीचे वस्तरे त्याच्यापासून लांब ठेवायचे. आबाजींच्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची आहे, त्यामुळं मी वाचलो.

लागलेला गंज काढता येतो का? थोडाफार. आधी तेलात दोन दिवस मुरू द्या. मग मऊ कापडावर पितळ घासायचं पॉलिश घेऊन हळूहळू घासा. धारेच्या दिशेनं बोट न्यायचं नाही, पातं टेबलावर आडवं धरायचं. लाल भुकटी निघाली पाहिजे, ती जिवंत आहे, पसरते. खाली जो काळपट-करडा डाग उरतो तो राहू द्या. त्यानं पुढं नुकसान होत नाही, उलट थोडं संरक्षणच मिळतं. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांच्या रील्स बघून काही करू नका. आणि चौकातल्या ग्राइंडरवर तर अजिबात नेऊ नका! चाकावर पातळ पातं क्षणात तापतं, दोनशे अंशांच्या पुढं गेलं की पोलादाचं पाणी उतरायला लागतं. मग चकचकीत दिसेल, पण धार धरणार नाही.

काकांना हे सगळं इतकं नेमकं कसं ठाऊक, असं मी विचारलं. त्यांनी खणातून एक डबा काढला. आत सहा वस्तरे. चार लाल.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा दुकानाला कुलूप लावून ते घरी गेले. आठ-पंधरा दिवसांत उघडेल, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. महाराष्ट्रात सलून उघडायला परवानगी मिळाली ती 28 जूनला, आणि तीही फक्त केस कापायची. दाढी नाही. तोवर पाऊस सुरू झाला होता. त्यांचे गुरूकडून आलेले वस्तरे बंद दुकानात, विनातेलाचे, तीन महिने पडून. उघडल्यावर भीतीपोटी सगळी हत्यारं त्यांनी हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवली. फरशी पुसायचं ते औषध. धातूला ते खातं, धातूसाठी स्पिरिट वापरायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. "कमाई गेली ते गेली," काका म्हणाले, "कमाई पुन्हा होते. हे कुठून आनू?" मी गप्प बसलो. माझा एक वस्तरा, त्यांचे चार.

तसे ते वस्तरे त्यांनी गिऱ्हाइकाला कधीच लावले नसते. त्यांचं दुकान अर्ध्या ब्लेडवर चालतं, प्रत्येकाला नवं. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण 1986 मध्ये सापडले, आणि पुढच्या काही वर्षांत एकच वस्तरा सगळ्यांना लावायची पद्धत सलूनमधून हळूहळू मागं पडली. ते बरोबरच झालं. हिपॅटायटिस बी-सी सुद्धा असाच पसरतो. म्हणून तुम्हालाही सांगतो, घरचा वस्तरा एकाच माणसाचा. मित्र आला आणि म्हणाला, 'बघू जरा', तर बघू द्या, लावू देऊ नका. आणि जुन्या पेटीत सापडलेला वस्तरा आधी साफ करून, स्पिरिटनं पुसून, जाणकाराकडून धार लावूनच वापरा. गंजलेल्या पात्यानं कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, नाही आठवलं तर दवाखान्यात जा.

या हत्याराकडं नुसतं दाढीचं सामान म्हणून बघू नका, असं मला आता वाटतं. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. आबाजींना ही गोष्ट माहीत होती की नाही, कोण जाणे. तेही विचारायचं राहून गेलं.

माझ्या वस्तऱ्याचं पुढं काय झालं? काकांनी दोन दिवस दगडावर घासून नवी धार काढली. पातं थोडं अरुंद झालं. टोकाकडच्या बाजूला एक खड्डा इतका खोल आहे, की तो काढायचा तर अर्धं पातंच घासावं लागेल. काकांनी ते टोक मुद्दाम बोथट करून दिलं. "इथून गालाले लावू नको. बाकीचा चालते." तेव्हापासून मी उरलेल्या भागानंच दाढी करतो, रविवारी, सावकाश.

पुढच्या महिन्यात मी स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी पुण्याला चाललोय. खोलीत चौघं, बाथरूम एक. वस्तरा नेणार नाही. डबा आईकडं दिलाय, मशीनच्या तेलाची बाटली आणि बोळा त्यातच आहे. तिला मी एकदा दाखवायला बसलो, तर तिनं माझ्या हातातून वस्तरा घेतला, पाठीकडून धारेकडं फडकं ओढलं, उजेडात धरून पाहिलं आणि बोळा फिरवला. अगदी आबाजींसारखा. म्हटलं, तुला कसं काय येतं?

"वीस वर्षं पाहून रायली होती न मी त्याईले," ती म्हणाली. "तू कायले विचारशील मले!"